कुड्याला सांगून

पितर जेवून गेले, घरोघरी घट बसले, की धुळ्याचं ऊन पुन्हा डोकं वर काढतं. पाऊस पाठ फिरवून गेलेला असतो, थंडीचा पत्ता नसतो, आणि मधल्या मध्ये हे ऊन चार दिवसांच्या बोलीवर आलेल्या पाहुण्यासारखं येतं नि हलायचं नाव घेत नाही. आमच्या लॅबवर पत्रा आहे. पंखा गरम हवा इकडून उचलतो आणि तिकडे टाकतो. त्यात अमोनियाची बाटली उघडली की सगळ्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. नवीन आलेल्या मुलींना मी सांगते, बायांनो, कुणाला सासूवर रडायचं असेल, कुणाला नवऱ्यावर, आत्ता रडून घ्या, कुणी कारण विचारणार नाही. त्या हसतात. मीही हसते.

हा आमचा पोती यायचा मोसम. पावसानंतर डोंगरात झाडपाला काढतात, वाळवतात, आणि दिवाळीच्या आत तो इथे येतो. अडुळशाची पानं, धोतऱ्याचं बी, गुळवेल, कुड्याची साल. कोपऱ्यात पोती रचली जातात आणि लॅबला जंगलाचा वास येतो. यंदाही आली. अडुळसा आला, धोतरा आला. शिरपूरकडचा कुडा आला नाही. मी रोज सकाळी त्या कोपऱ्याकडे बघते. येणार नाही हे ठाऊक असून बघते. खोड आहे माझी.

आमचं काम काय, असं कुणी विचारलं तर मी सांगते, कडूपणा मोजायचं. अल्कलॉइड वगैरे शब्द पाहुण्यारावळ्यांत चालत नाहीत. शास्त्राला धरून माझं उत्तर अर्धंमुर्धं आहे, पण औषधी झाडातलं जे औषध असतं ते बहुतेकदा जिभेला कडू लागतं, एवढं कुणालाही कळतं. माझी आई धरणगावची, सगळा जन्म कपाशीत गेलेला. तिला मी पहिल्यांदा हे सांगितलं तेव्हा ती वेचणी करून आली होती, ओच्यातला कापूस उपसत होती. म्हणाली, एवढं शिकवलं तुला ते कडू मोजायला? चाटून बघायचं ना मग, त्याला पगार कशाला लागतो? लहानपणी पोट बिघडलं की तिनंच मला कुड्याच्या सालीचा काढा पाजलेला आहे, नाक दाबून. तो कडूपणा अजून घशात आहे. कडू कारलं तुपात तळा नाहीतर साखरेत घोळा, असं म्हणतात ना. कुड्यापुढे कारलं म्हणजे बत्तासा.

पण चाटून भागत नाही. कंपनीला आकडा लागतो. म्हणून साल दळायची, अमोनियात ओली करायची, क्लोरोफॉर्मनं तिच्यातलं कडू ओढून काढायचं. मग पांढरा थर दिलेली एक पातळ पट्टी घ्यायची. तिच्या तळाशी ह्या अर्काची बारीकशी रेघ ओढायची, शेजारी शुद्ध औषधाची, तुलनेला म्हणून. पट्टी काचेच्या पेटीत थोड्याशा द्रावणात उभी करायची आणि झाकण लावून गप्प बसायचं. द्रावण आपोआप पट्टीवर चढायला लागतं. चढताना सालीतल्या एकेका द्रव्याला वेगवेगळ्या उंचीवर सोडून पुढे जातं. एसटीसारखं, ज्याचं गाव आलं तो उतरला. पट्टी वाळली की तिच्यावर फवारा मारायचा, आणि जिथे जिथे अल्कलॉइड उतरलेलं असेल तिथे केशरी पट्टा उमटतो. कोऱ्या पांढऱ्यातून एकदम केशरी. ह्याला क्रोमॅटोग्राफी म्हणतात. इतकी वर्षं झाली, फवारा मारताना मी अजून श्वास धरते. पुढचं यंत्र करतं. ते त्या पट्ट्याचा गडदपणा वाचतं आणि कागदावर सुळका काढून देतं. सुळका उंच, माल पास. सुळका बुटका, माल परत.

दोन-तीन वर्षांपूर्वी आलेल्या कुड्यानं मला हे यंत्र नकोसं करून टाकलं.

शिरपूरच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याशी एक गाव आहे. नाव सांगत नाही, सांगून कुणाचं भलं होणार नाही. तिथे नाना नावाचे एक गृहस्थ पोरांना शिकवता शिकवता म्हातारे झाले आणि मग बायकांना घेऊन जंगलातल्या औषधांचं काम करायला लागले. गावाला जंगलाचा हक्क कागदावर मिळालेला होता. त्या हक्काच्या उतारावर कुडा भरपूर. नानांनी एका औषध कंपनीशी बोलणं केलं. माल आमच्या लॅबमध्ये पास झाला की कंपनी थेट गावाकडून घेणार, मधला व्यापारी नाही. माल कसा काढतात, कसा वाळवतात हे बघून यायला लॅबच्या सरांनी मला पाठवलं.

तिथे मला झेली अक्का भेटल्या. बायकांच्या गटाच्या म्होरक्या. उंच, वाळलेल्या, आणि बोलायला महाफटकळ. मी टोपी घालून गेले होते, तर ह्या टोपीवाल्या बाईला आधी सावलीत बसवा, वितळेल, असं त्या सगळ्यांदेखत म्हणाल्या. त्यांचा मुलगा दारासिंग दर वर्षी दिवाळी झाली की ऊसतोडीला जायचा, नगरकडे, कधी कोल्हापूरकडे, बायकोला घेऊन. तोडीला जोडपं लागतं, एकट्याला कुणी उचल देत नाही. बायको रमिला. तिचं पहिलं बाळ उसाच्या फडातच झालं होतं, पाचटानं शाकारलेल्या कोपीत, आणि तिथेच गेलं. हे मला अक्कांनी भाकरी वाढता वाढता सांगितलं, आवाज न बदलता. आता रमिलाला पुन्हा दिवस गेले होते. ती समोरच चुलीशी बसली होती, तिचं पोट नुकतं दिसायला लागलं होतं. कुडा पास झाला तर यंदा तोडीला जायची गरज नाही, असं त्या घरात ठरलं होतं. रमिलानं मला काही विचारलं नाही. ताटात कोरड्यास जरा जास्त वाढलं, एवढंच.

साल कशी काढतात ते मी बघितलं. ज्या झाडाची साल काढायची त्याला आदल्या दिवशी सांगून यायचं, असा त्यांचा रिवाज. संध्याकाळी उन्हं उतरली की अक्का ओच्यात मूठभर ज्वारी घेऊन निघाल्या, मी मागे मागे. झाडाच्या बुंध्याशी ज्वारी ठेवली, हात जोडले, त्यांच्या बोलीत काही पुटपुटल्या. मी विचारलं काय सांगितलंत. त्या म्हणाल्या, काय सांगणार, उद्या येतो, थोडी साल नेतो, घरात गरज आहे, रागावू नको. झाडाला त्या दिवशी हात लावायचा नाही. सकाळी जायचं, आणि तेव्हाही मनगटाएवढ्या फांद्यांचीच साल काढायची. खोडाला विळा लावायचा नाही. जिथे सोललं तिथे शेणमातीचा लेप द्यायचा. मला ते इतकं आवडलं म्हणून सांगू! परत येताना गाडीत मी नानांना म्हणाले, असा माल मी आजवर बघितला नाही. स्वच्छ, सावलीत वाळवलेला, एकाही तुकड्याला बुरशी नाही.

सोनगीरजवळ चहाला थांबलो, किल्ल्यावर ऊन पडलेलं होतं, आणि मला उगाच वाटलं की काहीतरी चांगलं होणार आहे. माणसाला असं वाटू नये.

सुळका बुटका आला. मी पुन्हा दळलं, पुन्हा भिजवलं, दुसऱ्या पट्टीवर घेतलं, शेजारचं शुद्ध औषध बदलून बघितलं. केशरी पट्टा प्रत्येक वेळी त्याच जागी उमटला, आणि प्रत्येक वेळी फिका. कंपनीच्या माणसाला आधी भेसळ वाटली. काळा कुडा म्हणून ह्या कुड्याचा एक तोतया भाऊ असतो, त्याच्या सालीत हे औषध नसतं, आणि व्यापारी बिनदिक्कत तो मिसळतात. पण पट्टी खोटं बोलत नव्हती. माल अस्सल होता. अस्सल होता आणि कमी होता. फोनवर तो माणूस म्हणाला, मॅडम, आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? मी म्हणाले, आडात आहे हो, ह्यांनी आडात पोहरा खोल सोडला नाही. त्याला ते कळलं नाही आणि मीही समजावत बसले नाही. कुड्याचं औषध जून खोडाच्या सालीत दाट असतं, कोवळ्या फांद्यांत पातळ. पुस्तकात लिहिलेलंच आहे. पुस्तक लिहिणाऱ्याला झाडाला आदल्या दिवशी सांगून यायचं नव्हतं.

एक सांगते, ह्या धंद्यात खोट्याला फेल करताना मला कधी काही वाटलं नाही. लाकडाचा भुसा मिसळून आणतात, रंग देऊन आणतात, आणि वर तोंड करून भांडतात. त्यांचा अहवाल मी चहा पिता पिता लिहिते. पण खरं असून कमी पडणं, ह्याला काय करायचं? त्याला आमच्या छापील अहवालात वेगळा शब्द नाही. दोघांनाही एकच शिक्का. तोच मी मारला, खोटं कशाला बोलू.

निकाल सांगायला मी नानांबरोबर गावात गेले. अंगणात सगळ्या बायका जमल्या होत्या. नानांनी कंपनीचा निरोप वाचून दाखवला: हा माल चालणार नाही, जून खोडाची साल पाठवल्यास विचार करू. मग अक्का माझ्याकडे वळल्या.

"झाड ते जित्तं शे ना, ताई? मंग त्यामधलं औषध कसं मरी गयं?"

झाड जिवंत आहे, मग औषध कसं मेलं. मी पदवीची, पदव्युत्तर पदवीची सगळी पुस्तकं मनातल्या मनात चाळली. औषध मेलेलं नाही अक्का, ते खोडात आहे, असं म्हणाले. त्या म्हणाल्या, खोड सोललं तर झाड मरतं. मी म्हणाले, हो. एवढंच आमचं बोलणं. दारासिंग भिंतीला टेकून उभा होता. तो उताराकडे बघत होता आणि रमिला त्याच्याकडे.

दिवाळी तोंडावर आली असताना दुसरा माल आला. ह्या वेळी पोत्यांबरोबर अक्का स्वतः होत्या, नानांच्या गाडीतून. पोतं सोडताच मला कळलं. जाड, आतून पिवळसर, पन्हाळीसारखे वळलेले तुकडे. फांदीचे नव्हेत. काही तुकडे इतके रुंद की खोडाभोवती पूर्ण वेढा फिरवल्याशिवाय ते निघूच शकत नाहीत. नाकाशी धरले तर कडू वास थेट टाळूला लागला. नाना खिडकीबाहेर बघत राहिले.

अक्कांना मी आत घेतलं. आमच्या लॅबमध्ये बाहेरच्या माणसाला येऊ देत नाहीत, पण सर जेवायला गेले होते. पट्टी पेटीत उभी केली, झाकण लावलं, आणि आम्ही दोघी स्टुलांवर बसून द्रावण चढताना बघत राहिलो. त्यांनी विचारलं, पाणी वर कसं चढतं? मी म्हणाले, दिव्याच्या वातीत तेल चढतं तसं. त्यांना ते पटलं. पट्टी वाळवली, फवारा मारला. केशरी पट्टा असा गडद उमटला की शेजारचं शुद्ध औषध फिकं दिसायला लागलं. यंत्रानं सुळका काढला तो उंचच उंच. एरवी मी अशा सुळक्याला लॅबभर मिरवते. त्या दिवशी नुसतं म्हणाले, अक्का, पास.

त्यांनी पट्टीकडे बोट केलं, पण लावलं नाही.

"ह्या टायमले झाडले सांगेल नही," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी हळूहळू सगळं सांगितलं. दारासिंग आणि त्याचे सोबती कुऱ्हाडी घेऊन जाणार, हे त्यांना आदल्या दिवशी ठाऊक होतं. त्या मूठभर ज्वारी घेऊन उतारापर्यंत गेल्याही. पण सांगणार काय? थोडी साल नेतो, असं सांगायचा रिवाज. सगळीच नेतो, हे कोणत्या तोंडानं सांगायचं? तशाच परत आल्या आणि ज्वारी पुन्हा कणगीत टाकली. पोराला अडवलं नाही. कसं अडवणार? एकीकडे झाड आणि एकीकडे सुनेचं पोट. मी असते तर मीही अडवलं नसतं.

रमिला त्या वर्षी तोडीला गेली नाही. पौषात तिला मुलगी झाली, घरात, अक्कांच्या हातात. मी बघायला गेले तेव्हा पोर गोधडीत गुंडाळलेली होती आणि तिची मूठ सुटत नव्हती. अक्का म्हणाल्या, ही भांडखोर निघणार, आत्याबाईवर गेलीय. माझ्याकडे बघून म्हणाल्या. मी बाळाच्या हातावर पैसे ठेवले आणि मला खरंच आनंद झाला. तो आनंद मी नाकारत नाही. त्या मोसमातलं तेवढं एकच माझ्या वाट्याला आलं आणि ते मी जपून ठेवलेलं आहे.

परतताना उतारावरून आले. कुडे उभे होते. कमरेपासून खांद्यापर्यंत सोललेले, आतलं लाकूड उन्हानं पांढरं पडलेलं. वरची पानं अजून पुरती गळली नव्हती. झाडाला मरायला वेळ लागतो.

कुडा तसा चिवट. पुढच्या पावसात काही बुंध्यांतून कोंब फुटले. नाना केवढ्या उमेदीनं फोन करून सांगत होते! मी हं हं म्हणत राहिले. कोंबाची साल म्हणजे पुन्हा कोवळीच साल. ती जून व्हायला आठ-दहा वर्षं जातात, आणि तोवर बकऱ्या आहेत, सरपण आहे. कंपनीनं वर्षभर वाट पाहिली, मग दुसरीकडून माल घ्यायला लागली. तो माल माझ्याच टेबलावर येतो, दुसऱ्या कुठल्यातरी डोंगरातला. छान वळलेले, जाड, रुंद तुकडे. पास होतात. मी सही करते. आता पोतं सोडताना मी तुकड्यांची रुंदी आधी बघते, आणि कुठेतरी कुणीतरी ज्वारी परत कणगीत टाकली असेल, असं मनात येतं. ह्या विचारानं कुणाचं काही वाचत नाही.

आईला मी हे सगळं सांगितलं होतं. ती कापूस निवडत होती, मान वर न करता म्हणाली, कडूच होतं तर मोजायचं कशाला बाई. मी चिडले तिच्यावर. तिला सोपं वाटतं सगळं. मोजलं नसतं तर तोतया कुडा औषध म्हणून विकला गेला असता आणि कुठल्यातरी लेकराचे जुलाब थांबले नसते. मोजायलाच हवं. हे मला पटतं, आजही पटतं. म्हणून तर सुटका नाही.

परवा दिवाळी झाली. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी नानांचा फोन आला, की गाड्या निघाल्यात, दुपारी सोनगीरला थांबतील, अक्कांना भेटायचं तर ये. अक्कांना? मला आधी नीट ऐकू आलं नाही असं वाटलं. दारासिंग आणि रमिला जाणार हे गृहीतच होतं. पण पोर अजून लहान. कोयता चालवताना तिला बघायला माणूस हवं, म्हणून ह्या वयात अक्काही निघाल्या होत्या. घराला कडी घालून. कोंबड्या शेजारणीला देऊन.

मी एसटीनं गेले. महामार्गाच्या कडेला ढाब्यापुढे ट्रक उभा होता. आत भांडी, गोधड्या, सरपणाच्या मोळ्या, एक बकरी आणि माणसं. रमिला मला बघून ओळखीचं हसली आणि मान खाली घातली. अक्का ट्रकच्या मागच्या फळीशी बसल्या होत्या, मांडीवर नात झोपलेली. मी टाचा उंचावून फराळाची पिशवी वर दिली. त्या म्हणाल्या, टोपी कुठाय? मी म्हणाले, विसरले घाईत. ड्रायव्हर चहा संपवत होता. पोर झोपेत तोंड चोखत होती. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, अक्का, घरातून निघालात, झाडांना सांगून आलात का?

त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. लहान मुलाला बघावं तसं.

"आमलेच कोणी सांगेल नही, ताई," त्या म्हणाल्या. "सकाये गाडी उनी, आनि बठ्ठासले बसाडी लिधं." सकाळी गाडी आली आणि सगळ्यांना बसवून घेतलं.

ड्रायव्हरनं पेला ठेवला आणि फळी लावून घेतली.